स्टायर देऊन मोरिनी घ्यायचं का? पंधरा दिवस दोन्ही वापरून बघितली, त्याचा रिव्ह्यू

माझ्याकडे स्टायर कंपनीचं एलपी १० हे पिस्तूल आहे, १० मीटर एअर पिस्तूल या नेमबाजीच्या प्रकारासाठी, सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात क्लबातल्या एका दादाने विचारलं, माझं मोरिनी घेतोस का, तुझं स्टायर मला दे, वर थोडे पैसे टाक. त्याचं म्हणजे सीएम १६२ ईआय, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवालं, आणि मला ते कधीपासून हवं होतं. मी तिथल्या तिथे हो म्हणणार होतो, पण तोच म्हणाला की घाई नको, पंधरा दिवस दोन्ही रेंजवरच राहू दे, आलटून पालटून शूट कर आणि मग सांग. हे त्याने सांगितलं ते फार बरं झालं, कारण या पंधरा दिवसांत माझं मत तीनदा बदललं आणि ते का बदललं तेच इथे लिहायचंय, म्हणजे कोणी अशाच अदलाबदलीच्या विचारात असेल तर त्याला उपयोग होईल.

आधी माझी अवस्था सांगतो. ६० शॉट्समध्ये, म्हणजे ६०० पैकी, मी ५५५ ते ५६० च्या मध्ये अडकलोय, दीड वर्षापासून. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढं, आणि माझे बरेच शॉट त्यात जातात, पण दहा शॉटच्या दर सिरीजला एखाददुसरा आठ गुणांचा शॉट खाली डावीकडे पडतो, घड्याळात बघितलं तर सात-आठच्या मध्ये. कधी सात पण लागतो. मी उजव्या हाताने शूट करतो. दीड वर्ष तोच आठ तिथेच बघून बघून माणसाला वाटायलाच लागतं की पिस्तुलातच काहीतरी आहे.

तर पहिली गोष्ट ग्रिप. ग्रिपबद्दल मी जास्त बोलणार आहे कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. माझ्या स्टायरची ग्रिप मी सहा वर्षांत कानस मारून आणि पुटी लावून माझ्या हाताची करून घेतलीय, अंगठ्याखालचं लाकूड घामाने काळं पडलंय, करंगळीच्या जागी पुटीचा एक उंचवटा आहे जो दुसऱ्या कोणाच्या हाताला टोचेल. डोळे मिटून हात उचलायचा आणि डोळे उघडायचे, पुढचं साईट (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) मागच्या खाचेत मधोमध दिसलं पाहिजे, ही साधी टेस्ट आहे आणि स्टायरला ते दहापैकी आठ-नऊ वेळा तसंच दिसतं. मोरिनीला पहिल्या दिवशी दर वेळी पुढचं साईट वर चढलेलं दिसायचं, मग मनगट खाली दाबून आणायला लागायचं. यात पिस्तुलाचा दोष नाही, त्या दादाचा हात माझ्यापेक्षा मोठा आहे आणि त्याने ग्रिप त्याच्यासाठी बनवलीय. मोरिनीच्या ग्रिप्स तशा फार विचार करून केलेल्या असतात हे हातात घेतल्यावर कळतंच, तळहात भरून येतो. पण ती ग्रिप दुसऱ्याची होती. म्हणजे अदलाबदल केली तर माझी सहा वर्षांची ग्रिप जाणार आणि नवी घेऊन परत कानस, परत पुटी, परत कित्येक महिने. हा खर्च कोणी हिशोबात धरत नाही, सगळे फक्त वर किती पैसे टाकायचे तेवढंच बोलतात.

ट्रिगर. इथे मोरिनी जिंकतं, सरळ सांगतो. आणि एक गैरसमज पण काढून टाकतो, इलेक्ट्रॉनिक म्हणजे हलका ट्रिगर असं नाहीये, एअर पिस्तूलला नियमाने कमीत कमी ५०० ग्रॅम पाहिजेच, मग आत तार असो की लिव्हर. मॅचआधी चेकिंगला नळी वर करून ट्रिगरला वजन लटकवून उचलतात तेव्हा दोन्हीला तेच वजन. फरक आहे तो सुटण्यात. माझ्या स्टायरला पहिली स्टेज, म्हणजे ट्रिगरची सुरुवातीची हलकी ओढ, संपली की एक भिंत लागते, मग त्या भिंतीवर दाबत राहायचं आणि ती फुटते, फुटताना बोटाला अगदी बारीक कळतं. मोरिनीला ती भिंत लागते पण फुटल्याचं कळत नाही, काच तडकावी तसं, बोट पुढे गेल्यासारखं वाटतच नाही आणि शॉट गेलेला असतो. शंभराव्या शॉटलाही तसंच आणि पहिल्याही. मी दोन दिवस नुसता ट्रिगरच दाबत बसलो होतो पांढऱ्या भिंतीसमोर, इतकं छान वाटतं. बॅटरीकडे लक्ष ठेवायला लागतं, बस एवढंच, मॅचच्या बॅगेत एक जास्तीची टाकून ठेवायची.

धक्का कोणात कमी? स्टायरमध्ये अ‍ॅब्सॉर्बर आहे, शॉट सुटताना आतलं एक छोटं वजन सरकतं आणि धक्का मारून टाकतं, त्यामुळे पुढचं साईट जवळपास जागचं हलत नाही. माझ्याकडच्या मोरिनीला तसलं काही नाही, त्यामुळे साईट किंचित उडी मारतं आणि परत बसतं. पहिल्या दिवशी मला ते आवडलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र लक्षात आलं की त्या उडीवरून शॉट कुठे गेला ते कळतं, सरळ वर उडाली तर शॉट चांगला, तिरकी उडाली तर मनगट सुटलेलं. स्टायर इतकं शांत आहे की चूक केली तरी तेवढी जाणवत नाही. हे दोन्ही बाजूंनी बोलता येईल, मॅचमध्ये शांत पिस्तूल बरं आणि शिकताना बोलणारं बरं असं माझं मत झालं, कोणाचं वेगळं असू शकतं.

आता स्कोअर. पहिल्या आठवड्यात मोरिनीने ५६६ आणि ५६८ लागले. ५६८ माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. मी त्या रात्री जवळजवळ मेसेज टाईप केला होता की दादा डन, उद्या कागदपत्रं करू. मग म्हटलं ठरवलेत तर पंधरा दिवस पूर्ण करू. दुसऱ्या आठवड्यात ५५७, ५५४. आणि मधे एकदा स्टायर उचललं, सहज, चार दिवस हातात न घेतल्यावर, तर ५६३! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की नवीन वस्तू हातात आली की आपण प्रत्येक शॉटला नीट लक्ष देतो, श्वास सांभाळतो, शॉट बरोबर वाटला नाही तर हात खाली घेतो. सवय झाली की परत आपलं जुनं सुरू. पहिल्या आठवड्याचा स्कोअर हा पिस्तुलाचा नसतो, लक्ष देण्याचा असतो. कोणी पाच-दहा शॉट मारून अदलाबदल करत असेल तर प्लीज थांबा.

शेवटचे तीन दिवस मी इलेक्ट्रॉनिक टार्गेट सोडून मुद्दाम कागद लावला. दोन्ही पिस्तुलांनी वीस-वीस शॉट, एका कागदावर दहा, तेच पेलेट (छर्रे), तोच वेळ. चपट्या डोक्याचा पेलेट कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतो त्यामुळे नंतर बघायला सोपं जातं. घरी येऊन स्टायरचा एक कागद आणि मोरिनीचा एक कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, मागून उजेड. मधली भोकं थोडी इकडेतिकडे होती पण खाली डावीकडचा तो आठ दोन्ही कागदांवर तिथेच, आणि एक भोक तर असं की दोन्ही कागदांतून आरपार उजेड येत होता. त्या भोकाकडे मी बराच वेळ बघत उभा होतो. दोन वेगळी पिस्तुलं, दोन वेगळ्या ग्रिप, एक लिव्हरचा ट्रिगर आणि एक इलेक्ट्रॉनिक, आणि चूक मिलिमीटरभरही हलत नाही. म्हणजे ती माझ्या बोटाची आहे. शॉट सुटायच्या क्षणी मी बोटासोबत अख्खी मूठ आवळतो, उजव्या हातवाल्याचा शॉट त्याने खाली डावीकडे जातो, कोचने हे मला दोनदा सांगितलं होतं.

यावरून एक जुनी गोष्ट आठवते. सोव्हिएत नेमबाज सर्गेई पिझ्यानोव्हने १९८९ मध्ये म्युनिकला ६०० पैकी ५९३ मारले होते, त्या काळच्या पिस्तुलाने, आणि तो वर्ल्ड रेकॉर्ड २० वर्षं टिकला, २००९ मध्ये दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओने ५९४ मारून मोडला. मधल्या २० वर्षांत पिस्तुलं किती सुधारली, कॉम्प्रेस्ड एअर आली, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आले, आणि वाढला एक गुण. मी ५६० वाला आहे, माझ्या आणि ५९३ च्या मधली जागा कुठलीही कंपनी भरून देणार नाही.

पण याचा अर्थ अदलाबदल करूच नका असा नाही हं. तुमच्या हाताला सध्याची ग्रिप कितीही कानस मारून बसतच नसेल, किंवा पिस्तूल जड पडून चाळीस शॉटनंतर खांदा थरथरत असेल, तर बदला. मोरिनीमध्ये शॉर्ट मॉडेल पण येतं, ज्यांना पुढचं वजन झेपत नाही त्यांनी ते बघावं. आणि तुमच्या रेंजवर सगळ्यांकडे एकच कंपनी असेल तर तीच घेण्यात फायदा आहे, सील, पिस्तुलाला लागणारा जास्तीचा हवेचा सिलेंडर, तो भरायचा अ‍ॅडॉप्टर सगळं उसनं मिळतं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन मॅचमध्ये बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, नंतर घाईत शॉट मारायला लागले, ५७५ करून ती १२ वी आली आणि फायनल २ गुणांनी हुकली. तिनेच पुढे २०२४ मध्ये पॅरिसला दोन ब्राँझ आणली. बिघाड कुठल्याही पिस्तुलात होऊ शकतो, पण तो झाला तर तुमच्या आसपास हात लावणारं कोण आहे हे घ्यायच्या आधी बघून ठेवा.

दुसऱ्याचं पिस्तूल घेताना काय बघायचं त्यातली एक गोष्ट मला फार महागात पडली होती म्हणून कळकळीने सांगतो. सिलेंडरवरची तारीख. स्टायरच्या आधी मी एक जुनं पिस्तूल असंच अदलाबदलीत घेतलं होतं, पिस्तूल चकाचक, सोबत दोन सिलेंडर, मी खुश. मॅचच्या सकाळी चेकिंगच्या टेबलावर त्या माणसाने सिलेंडर फिरवला, त्यावरचे बारीक आकडे वाचले, आणि बाजूला ठेवला. दुसराही. दोन्हीची मुदत संपलेली. एअर सिलेंडर जास्तीत जास्त १० वर्षं चालतो, त्यापुढे मॅचला घेत नाहीत आणि घेऊ पण नये, आत २०० बार दाब असतो तो तुमच्या मनगटापासून वीतभर अंतरावर. त्या दिवशी मी मॅच न खेळता घरी आलो. त्यामुळे या वेळी मोरिनी हातात घेतल्यावर आधी नळी नाही, ट्रिगर नाही, सिलेंडरची तारीख वाचली (चार वर्षं बाकी होती). मग सिलेंडर पूर्ण भरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी काटा बघायचा, उतरला असेल तर सील गेलंय, सील बदलता येतं पण ते आधी माहीत पाहिजे. ट्रिगरचं वजन स्वतः समोर उभं राहून तपासून घ्या. आणि कागदपत्रं, तुम्ही जिथे राहता तिथले जे काही नियम असतील ते आधी पूर्ण करा, पिस्तूल नंतर हातात घ्या, ओळखीचा माणूस आहे म्हणून उलटं करू नका.

तर माझं उत्तर, नाही दिलं स्टायर. दादाला सांगितलं, कागद पण दाखवले, तो हसला आणि म्हणाला मला वाटलंच होतं, पण स्वतः बघितल्याशिवाय तू ऐकला नसतास. मोरिनीच्या ट्रिगरची आठवण येते, खोटं कशाला बोलू, बोटाला ती काच तडकल्याची सवय लागली होती. पण त्या ट्रिगरनेच मला एक गोष्ट दाखवली, की माझ्या स्टायरचा ट्रिगर बोटाच्या पेराच्या आतल्या बाजूला येतोय आणि त्यामुळे मी ओढताना बाजूला ढकलतोय, म्हणून तो थोडा पुढे सरकवला आणि आता बोटाच्या मऊ भागाच्या मधोमध येतो. करंगळीखालचा पुटीचा उंचवटा पण अर्धा कापला, तिथेच मूठ आवळायला आधार मिळत होता. रोज दहा मिनिटं पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबायचा, टार्गेट नाही, फक्त साईट हलतं का ते बघायचं.

याला तीन आठवडे झाले. काल ५६४ लागला. खाली डावीकडे चार शॉट गेले, आधी नऊ-दहा जायचे. आता परत कागद लावून बघणार आहे.