साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस, आठ महिन्यांनी: सगळं बरं, खरं ती सीपीयूची वायर!

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. नवा बसवून आठ महिने झाले, तरी कॅबिनेटचं दार उघडलं की माझी नजर पहिल्यांदा त्याच वायरवर जाते. सीपीयूची, म्हणजे प्रोसेसरला वीज नेणारी, आठ पिनची वायर. मदरबोर्डाच्या मागून, पत्र्याच्या आडोशानं वर जाऊन कोपऱ्यातल्या सॉकेटात बसायला हवी, तर ती चार बोटं कमी पडते. चारच बोटं! म्हणून ग्राफिक कार्डाच्या अंगावरून तिरकी, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणून न्यावी लागली. साडेचार हजार मोजून घेतले आणि चार बोटं वायर द्यायला यांना जड झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लोक वायर सोडून कंपनीवरच भांडत बसतात.

माझं बेळगावच्या शहापुरात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स, मराठी-कन्नड दोन्ही. पाटीवर साठ टक्के कन्नडचा नियम आल्यापासून जुन्या पाट्या नव्यानं मांडून घेणारेही येतात, त्यामुळं मशीनला सकाळपासून विसावा नाही. आत रायझन 5 5600 प्रोसेसर, 32 जीबी रॅम आणि पोरग्याच्या हट्टापायी आरटीएक्स 3060 ग्राफिक कार्ड. पोरगं म्हणतंय ब्लेंडर शिकूलोय, ते थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर. रात्री अकरानंतर त्या ब्लेंडरमधून गोळीबाराचे आवाज येतात, ते मी ऐकून सोडतो.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम यांचे भाव पंधरा दिवस चार ठिकाणी विचारून घेतले होते. एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर फुकट आला होता, आणि फुकट आलेलं टाकून द्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. वर मोठ्या अक्षरात 450 वॅट लिहिलेलं. मीही खूश.

जानेवारीत, पत्रिकांच्या ऐन गर्दीत, संध्याकाळी फट्‌कन आवाज झाला. मासळी आणि प्लास्टिक एकत्र जाळल्यासारखा वास दुकानभर पसरला. समोर गिऱ्हाईक बसलेलं, त्याच्या मुलीच्या पत्रिकेत मामांच्या नावांचा क्रम बदलायचा चालला होता. ते उठून सरळ रस्त्यावरच गेलं. नशीब म्हणून बोर्ड आणि कार्ड वाचलं.

मग तो डबा नीट बघितला. कडेच्या लेबलवर बारीक अक्षरात 12 व्होल्टच्या रांगेखाली 16 अँपिअर होतं. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे कामाचे वॅट 192, बाकी लेबलची शोभा. माझा प्रोसेसर जोरात चालला की 76 वॅटपर्यंत ओढतो, कार्ड 170, आणि दोघांचं जेवण याच 12 व्होल्टवर. इतके दिवस चालला याचंच नवल. घेताना आधी ही रांग वाचा, मोठा आकडा नंतर. नव्यावर 12 व्होल्टला 45 अँपिअर आहेत, म्हणजे 540 वॅट. हे लेबल खरं बोलतंय.

जुना डबा चार-पाच दिवस तसाच पडू दिला आणि मग खोलला. (लगेच कुणी खोलू नका. आत 230 चे सव्वातीनशे डीसी होतात आणि कपॅसिटर ते धरून बसतात.) आतल्या बोर्डावर विजेतला कचरा गाळणाऱ्या फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली, खरं तिथं कॉइल नाही, तांब्याची तार आडवी टाकून झाळलेली. फिल्टरच्या एका कपॅसिटरची भोकं तशीच उघडी. मागं 115-230 व्होल्ट निवडायचा तो लाल खटका. शेजारच्या कांदेबटाटेवाल्याच्या काट्यावर ठेवला तर पाऊण किलोच्या थोडा वर. पुढं नवा आणला तेव्हा तोही त्याच काट्यावर ठेवला, पावणेदोन किलो भरला. काटेवाला म्हणाला, "काय भावानं लावूलासा?"

नवा घेतानाचं शहाणपण ऐका. बेळगावात 5,100 सांगितले. त्याच आठवड्यात कोल्हापूरला लग्न होतं, तिथं तोच डबा 4,500 ला. सहाशे वाचले म्हणून घेतला, पिशवीत घालून कोगनोळीची सीमा ओलांडून आणला. महिन्याअखेरीला बिलं सीएकडं दिली तर त्यानं हेच बिल बाजूला काढलं. त्यावर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी, आमचं रजिस्ट्रेशन कर्नाटकाचं, याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. गावात घेतला असता तर 778 रुपये क्रेडिट मिळून 4,322 ला पडला असता. म्हणजे सहाशे वाचवून 178 रुपये घाट्यात. सीमाप्रश्न माझ्या घरात असाही येतो.

पहिले दोन महिने झकास. कमी लोडला पंखा फिरतच नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं मेलाय, टॉर्च लावून बघत बसलो. हा ब्रॉन्झ प्रतीचा, वीज कमी वाया घालवणारा गोल्ड का नाही घेतला असं दोघांनी विचारलं. माझ्या मशीनची दिवसाची सरासरी धरली तर ब्रॉन्झ आणि गोल्डमध्ये वर्षाला दोनशेच्या आत वीज वाचते, आणि दरात फरक दोन हजारांचा. तोवर कॅबिनेटच गंजेल. तेव्हा लिहिलं असतं तर पाचातले साडेचार दिले असते. अर्धा त्या वायरीचा कापून.

मग एप्रिलमध्ये वळीव सुरू झाला. वैशाखातली शिवजयंती तोंडावर, मंडळांचे फ्लेक्स, चित्ररथाचे बॅनर, एकेक फाइल जीबीजीबीची. लाईट गेली की घरचा इन्व्हर्टर घेतो, बल्ब डोळाही मिचकावत नाही, खरं मशीन धाडकन बंद. परत चालू. परत लाईट, परत बंद. एका रात्री वीस फुटी बॅनर सेव्ह व्हायच्या आत दोनदा गेला. तेव्हा मी या डब्याला जे बोललो ते इथं छापता येणार नाही. साडेचारावरून एकावर आणला.

बेळगावच्या एका दुकानात नेला. त्यानं बिल बघितलं आणि म्हणाला, "बिल कोल्हापुरद ऐतरी, इल्ली आगंगिल्ल." तिकडचं बिल, इकडं होणार नाही. मग दुकान बंद ठेवून सकाळच्या लाल बसनं कोल्हापूर. तिथल्या पोरानं टेस्टर लावला, 12.1, 5.0, 3.3 व्होल्ट. "काका, एकदम ओके आहे." मी म्हणालो, ओके असलेली वस्तू घेऊन मी शंभर किलोमीटर कशाला येईन? तो म्हणाला, बारा व्होल्ट 11.4 ते 12.6 मध्ये असला की कंपनी बदलून देत नाही. बरोबरच होतं त्याचं, खरं त्या वेळी पटतंय कुणाला. मालकाबरोबर अर्धा तास झालं, चहाही आला, डबा मात्र तोच परत.

उलगडा झाला तो पोरग्याच्या एका वाक्यानं. "बाबा, तुम्ही कोरलमध्ये डिझाइन करत असता तेव्हा न्हाई जात, मी ब्लेंडरमध्ये रेंडर लावलं की जातंय." मी म्हटलं, बघ, रेंडरचं काम जड, लोड घेत नाही म्हणजे डबाच कच्चा. वायरमनला बोलावला होता तो दुसऱ्याच कामाला, माळ्यावरचा पंखा. त्यानं हे ऐकलं, इन्व्हर्टरच्या मागं हात घातला आणि विचारलं, "अण्णा, मशीन कोल्हापूरला न्हेऊन आणलासा, हे बटण बघितला न्हाईसा?"

बटण नॉर्मलवर होतं. यूपीएसवर हवं होतं.

गोष्ट अशी. लाईट गेल्यापासून इन्व्हर्टर चालू होईपर्यंत मधे थोडी पोकळी असते. नॉर्मल मोडला ती चाळीस मिलिसेकंदांपर्यंत जाते, यूपीएस मोडला दहाच्या आत. बल्ब-पंख्याला ती कळत नाही. एसएमपीएसनं तेवढा वेळ आपल्या कपॅसिटरवर दम धरायचा असतो, आणि भरल्या लोडला चांगल्या डब्याकडूनही सोळा-सतरा मिलिसेकंदांचीच अपेक्षा असते. लोड कमी असला की तोच दम कितीतरी जास्त पुरतो. म्हणून कोरल तरायचं आणि रेंडर बुडायचं. डबा इमानदार होता. त्या दिवसापासून एकदाही बंद पडला नाही.

फुकटात काही मिळत नाही, हेही सांगतो. यूपीएस मोडला इन्व्हर्टर नखरे करतो, व्होल्टेज 180 च्या खाली आला की लगेच बॅटरीवर जातो. आमच्याकडं संध्याकाळी बोळातल्या मोटारी चालू झाल्या की ते होतंच. बॅटरीचं पाणी आता लवकर आटतं. एसएमपीएस स्वतः 100 ते 240 पर्यंत मुकाट्यानं चालतो, त्याला स्टॅबिलायझर लागत नाही. नखरे सगळे इन्व्हर्टरचे.

पंखा राहिला बाजूला आणि वायरमननं टेस्टर काढून कॅबिनेटच्या स्क्रूला लावला. दिवा लागला. पावसाळ्यात अनवाणी असलो की पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येतात, हे मी जुन्या डब्यापासून सोसत होतो. मला वाटायचं स्टॅटिक. मीटर लावला, कॅबिनेट आणि न्यूट्रलमध्ये 108 व्होल्ट. घर आजोबांच्या वेळचं, सॉकेटला तिसरं भोक आहे, त्यात वायरच नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून अंगाच्या पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की निम्मा व्होल्टेज पत्र्यावर येऊन बसतो. करंट किरकोळ, पण यूएसबी लावताना ठिणगी उडते ती यानंच. एक पेनड्राइव्ह माझा असाच गेला असावा.

परसात खड्डा काढला, अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती मीठ आणि लोणारी कोळसा. आमची तांबडी माती पावसाळ्यात ठीक, उन्हाळ्यात पाणी घालावं लागणार. आता न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन व्होल्ट. खर्च डब्याच्या किमतीएवढा. आईनं पाणी पडतंय बघून तिथं अळू लावलं होतं, मिठानं आठवड्यात करपलं. ते अजून माझ्या नावावर आहे.

तर एकावरून परत चारावर आणलाय. सव्वाचार देणार होतो. पाव त्या वायरीचा. मागच्या महिन्यात कंटाळून साडेतीनशेची एक्स्टेंशन वायर मागवली. आता ती मागून जाते, कार्ड मोकळं झालं, दिसायलाही बरं. खरं जोडाचा गठ्ठा बरोबर मागच्या पत्र्याखाली येतो आणि पत्रा पोट सुटल्यासारखा फुगतो. दोन स्क्रू बसतात, तिसरा टेबलावर काडेपेटीत ठेवलाय.