कौलारू घराचा वादळ विमा: फुटलेलं कौल मोजतात, न बसणारं मोजत नाहीत

चवथीच्या आधी विम्याचे पैसे खात्यात आले, छपराचं मागचं पाखं (उतरती बाजू) नव्याने शाकारून झालं, तरी बलकावाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, छपराचं भांडण अजून चालू आहे. गोव्यात ज्यांची घरं जुनी आणि कौलारू आहेत त्यांनी तरी हा अनुभव वाचावा, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी पॉलिसी भारत गृह रक्षा, म्हणजे वादळासारख्या संकटांत घराचं आणि सामानाचं नुकसान भरून देणारा ठरावीक मजकुराचा घरविमा. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावीच लागते आणि मूळ कलमं सगळीकडे सारखीच, त्यामुळे माझी कंपनी कुठली याला महत्त्व नाही. आमचं घर पेडणे तालुक्यात, जांभ्या चिऱ्याचं. 1,200 चौरस फूट चटई क्षेत्र, बांधकामाचा दर 2,000 रुपये, म्हणजे 24 लाखांचा विमा. हप्ता 18 टक्के जीएसटी धरून वर्षाला दीड हजाराच्या आत. तेवढ्या पैशांत पावसाळ्याआधी कौलं परतायला दोन माणसं एक दिवससुद्धा येत नाहीत. म्हणून हप्ता महाग म्हणायची सोय नाही, आणि माझी तक्रार हप्त्याबद्दल नाहीच.

जूनमध्ये एका रात्री वारा असा सुटला की फणसाची मोठी फांदी मागच्या पाख्यावर येऊन पडली, आढ्यावरचे कोने (माथ्यावरची कौलं) उडाले आणि बलकावाच्या कडेची कौलं अंगणात आली. दोन खोल्यांत सकाळपर्यंत पाणी गळत होतं.

नुकसान मोजायला कंपनीचे सर्वेक्षक आले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "वादळ होतं का हो त्या दिवशी?" हवामान खात्याने चक्रीवादळ जाहीर केलं नव्हतं, हे खरं. 16 मे 2021 ला तौक्ते आलं तेव्हा कुणाला पुरावा द्यावा लागला नाही, पडलेली झाडं आणि विजेचे खांब सगळ्या गोव्याने पाहिले होते. पावसाळ्यातल्या एका रात्रीच्या वाऱ्याची बातमी पेपरात येतेच असं नाही. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरवर गेला की हवामान खातं त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतं, पण पॉलिसीत अशी वेगाची अट नाही. तिथे चक्रीवादळासोबत साधं वादळही वेगळं लिहिलेलं आहे. शिवाय बाहेरची वस्तू घरावर आदळून झालेलं नुकसान हे स्वतंत्र कलम आहे आणि त्यात पडणारं झाड उदाहरण म्हणून दिलेलं आहे. मी अर्जात दोन्ही कारणं लिहिली होती, तो वाद तिथेच संपला. तुम्हीही दोन्ही लिहा. फांदी कापायला अग्निशमन दलाची माणसं आली होती त्याची नोंद, तलाठ्याचा पंचनामा आणि पंचायतीचा दाखला जोडला. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर आहे, गोव्यात निम्म्या घरांची तीच गत. त्यावरून थोडी ओढाताण झाली, पण चुलत्यांची ना हरकत पत्रं दिल्यावर मिटली.

आता खरी गोष्ट, कौलांची.

1865 साली मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या किनाऱ्यावर असे पुष्कळ कारखाने झाले. प्रत्येकाचा साचा वेगळा. खाच कुठे, ओठ किती उंच, लांबी किती, सगळ्यांत सुताएवढा तरी फरक. आमच्या छपरावर ज्या कारखान्याचा शिक्का आहे तसली कौलं आता बाजारात मिळत नाहीत. म्हापशाहून नवी आणली तर ती आपसांत बसतात, जुन्याशेजारी बसत नाहीत. म्हणजे पाख्यावरची पाव कौलं फुटली तर उरलेली धडधाकट कौलंही त्या पाख्यापुरती निकामी होतात. एकतर सगळं पाखं नव्या कौलांचं करायचं, नाहीतर जन्मभर गळतीखाली बादल्या ठेवायच्या.

सर्वेक्षकांनी फक्त फुटलेली मोजली. नगाला अमुक, मजुरी तमुक, कोने आणि चार वासे, एकूण 38,000 रुपये. "साहेब, पॉलिसी नुकसान झालेल्या भागापुरती असते," म्हणाले. मी त्यांना अंगणात नेलं. दोन रिपा तिरक्या टेकवून त्यांवर एक जुनं आणि एक नवं कौल शेजारी शेजारी मांडलं. नवं कौल डुगडुगत होतं. सांध्यात रुपयाचं नाणं उभं घातलं, ते खाली पडलं. मग वरून तांब्याभर पाणी ओतलं, ते सरळ सांध्यातून खाली आलं. त्यांनी फोटो काढले, मान डोलावली, आणि अहवालात एक ओळही लिहिली नाही.

याचाच मला सगळ्यात जास्त संताप आहे. छप्पर दुरुस्त झालं म्हणजे पाणी थांबलं पाहिजे. पाणी थांबत नसेल तर तिला दुरुस्ती म्हणायचं कशाला? मजकूर सगळ्या देशासाठी एकच, पण तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे स्लॅबची घरं असावीत.

अहवाल नेमणुकीपासून 15 दिवसांत आणि त्यानंतर कंपनीचा निर्णय 7 दिवसांत, असा नियम आहे. इथे महिना उलटला. तोपर्यंत माझं मत झालं होतं की हा विमा कागदावरच बरा. पण सामानाचा निर्णय आला आणि ते मत मला बदलावं लागलं. घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, सामान आपोआप धरलेलं असतं, यादी द्यावी लागत नाही. भिजून फुगलेलं कपाट, दोन गाद्या, टीव्ही, शिलाई मशीन, यांचे 52,000 रुपये मंजूर झाले. कपाटाची पावती नव्हती, फोटोवर भागलं. जुनेपणाची वजावटही केली नाही. आई तर म्हणाली, "शिलाई मशीनचे पैसे मिळतील असं वाटलंच नव्हतं." फ्रिजचे मात्र नाकारले. तो विजेच्या चढउताराने जळला होता आणि यंत्र शॉर्ट सर्किटने स्वतःच जळलं तर ते वगळलेलं आहे. कलम स्पष्ट आहे, माझी हरकत नाही.

राडारोडा हलवण्याच्या खर्चाचं कलम मात्र तुटपुंजं. दाव्याच्या फक्त 2 टक्के. फांदी अग्निशमन दलाने छपरावरून उतरवली, पण ओंडके परसातून हलवायला आणि फुटकी कौलं भरून न्यायला 14,000 गेले, हातात आले तीन हजारांच्या आसपास. फांदी परसातच पडून घराला लागली नसती तर तेवढेही मिळाले नसते.

कौलांसाठी मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र दिलं आणि विमा नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही तक्रार टाकली. सोबत सांध्यावर तांब्याभर पाणी ओतल्याचा व्हिडिओ, कौल विकणाऱ्याचं 'हा साचा आता बनत नाही' असं लेखी, आणि जुन्या-नव्या कौलाचा मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो. त्यानंतर दुसरे सर्वेक्षक आले. हे रत्नागिरीकडचे, कौलारू घरात वाढलेले. शिडी लावून स्वतः वर चढले आणि मागचं पाखं पूर्ण धरायला हवं असं त्यांनी लिहिलं. 38,000 चे 1,04,000 झाले. बलकावाचं छप्पर नाकारलं, कारण तिथली फुटलेली कौलं थोडी. पण साचा तोच आणि गळतीही तीच.

त्यासाठी आता विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीतले वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो आहे. गोव्याचे दावे मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. फी नाही, वकील लागत नाही, दाव्याची मर्यादा 50 लाखांची. आधी कंपनीला लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहावी लागते, ती पाहून झाली.

पॉलिसीचं नूतनीकरण केलं आहे, कंपनी तीच ठेवली. चिरे आणि मजुरी दोन्ही चढल्यामुळे दर 2,600 लावला, म्हणजे विमा 31 लाख 20 हजारांचा झाला. अर्जासोबत चारही बाजूंनी छपराचे फोटो जोडले, कौलावरचा शिक्का वाचता येईल असा एक जवळून काढलेला, आणि 'या साच्याची कौलं बाजारात मिळत नाहीत' असं पत्र देऊन त्याची पोच शाखेच्या शिक्क्यानिशी घेतली.