दशावतार, धुरंधर अन् आमच्या तालुक्याची टॉकीज

पहिलेच सांगून देतो, मी काही पिक्चरचा जाणकार नाही. धानाची शेती आहे, पूर्व विदर्भात, वडसा-ब्रम्हपुरीच्या पट्ट्यात, अन् दिवाळी झाली का झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्यातली, नाटकं पाहणं हे आमच्या घरचं पिढीजात काम. पण २०२५ मधे टॉकीजात चार पिक्चर झाले माझे, एवढे तं कॉलेजात असताना पण झाले नव्हते. अन् मोबाईलवर लोकं जे स्टार वाटून राहिले, कोणी साडेतीन, कोणी चार, ते पाहून वाटलं का आपण पण लिहावं, कारण त्यातल्या एकानंही हे लिहिलं नाही का पिक्चर कोणत्या टॉकीजात पाह्यला, कितीच्या शोले पाह्यला अन् बाजूले कोण बसलं होतं. आमच्याकडे अर्धा पिक्चर त्याच्यावरच असते.

टॉकीजचं नाव नाही टाकत. तालुक्याच्या गावात एकच आहे, मालकाशी बोलणंचालणं आहे, अन् तीही बंद पडली तं मंग थेट नागपूर. खाली ८० रुपये, बालकनी १२०. खुर्च्यायचा स्पंज निघून गेला, डाव्या बाजूचा स्पीकर घरघर करते, म्हणून उजवीकडं बसा. बाथरूमबद्दल लिहत नाही, इंटरव्हलले लोकं रोडच्या पलीकडे जातात, समजून घ्या. समोसा मात्र एक नंबर, वरून तर्री टाकून देते, नुसता समोसा खायले पण माणूस जाईन.

तिकिटाचं एक गणित मात्र सांगतोच. २२ सप्टेंबरपासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांचा ५ झाला. म्हणजे ८० चं तिकीट सरळ हिशोबानं ७५ व्हायले पाहिजे. खिडकीत विचारलं तं आतला पोट्टा म्हणे, "भाऊ, पाच रुपये सुट्टे कुठून आणू?" आता याच्यावर काय बोलते माणूस.

तं 'दशावतार'. सगळीकडे १२ सप्टेंबरले लागला, आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात आला, नवरात्र चालू झालं होतं. अन् शो कोणता, तं दुपारचा १२ चा. एकच. बाकीचे तिन्ही हिंदीले. मराठी पिक्चर असला का आमच्याकडे तो १२ लेच लागते, चार दिवस रिकाम्या खुर्च्या पाहून काढून टाकतात, अन् मंग मालक म्हणते मराठीले पब्लिकच नाही. अरे बा, सप्टेंबरच्या शेवटी दुपारी १२ वाजता पब्लिक धानाच्या बांधीत आहे, तुडतुड्याचा फवारा मारून राह्यलं, ते तुया टॉकीजात कसं येईन? रात्री ९ चा शो दिला तरी फायदा नाही, आमच्या गावचा शेवटचा तीन किलोमीटर रस्ता जंगलातला आहे, वाघ आहे, अंधार पडला का मोटरसायकलवाले पण जोडीजोडीनं निघतात. आमच्या कामाचा शो एकच, ३ चा. सकाळचं काम आटपून जाता येते, उजेडात घरी येता येते. तो ३ चा शो मराठीले एकदा देऊन पाहा, मंग बोला पब्लिकचं. हे मी मालकाले तोंडावर सांगितलं आहे, म्हणून इथं लिहायले काही वाटत नाही.

बाबाले घेऊन गेलो होतो. बाबा बहात्तर वर्षाचे, तरुणपणी गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, बाईचा पार्ट करायचे, पातळ नेसून, गॅसबत्तीच्या उजेडात. टॉकीजात याच्याआधी कधी आले होते ते त्यायलेच आठवत नाही. मोजून १९ माणसं होतो. १२ वाजले, सव्वाबारा झाले, पडदा काळाच. ऑपरेटर खाली येऊन म्हणे, पिक्चरची 'की', म्हणजे किल्ली, आली नाही. आता पहिल्यासारखी रिळाची पेटी एसटीनं येत नाही ना, पिक्चर सर्व्हरमधे येऊन पडला असते पण कुलूप लावून, अन् ते कुलूप उघडायची की वरून येते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचीच. ती नाही आली तं पिक्चर समोर असून उपाशी. पाऊण घंटा बसलो. दोघं जण तिकीट वापस मागून निघून गेले, पैसे काही भेटले नाही. बाबा म्हणे, "नाटकवाले पण उशीरच करते, त्यात काय एवढं."

पिक्चर चालू झाला अन् मागच्या लाईनीत कुजबुज. "अबे हे तं मुन्नाभाईतले गांधीजी होय." "हो, अन् तात्या विंचू पण हेच." "हट बे, कुठे गांधीजी अन् कुठे तात्या विंचू!" पण खरंच आहे, दोन्ही दिलीप प्रभावळकरच. १९४४ चा जन्म, म्हणजे ८१ वर्षाचा माणूस, अन् त्या वयात कोकणातल्या म्हाताऱ्या दशावतारी कलाकाराचा, बाबुली मेस्त्रीचा रोल. डोळे साथ देऊन नाही राहिले, पोरगा म्हणते आता काम बंद करा, अन् याचं पायातलं वारं काही जात नाही. तिकडं जंगलावर खाणवाल्यायचा डोळा. एवढंच सांगतो, पुढचं सांगितलं तं मजा जाईन.

बोलणं मालवणी. मले पहिले दहा-पंधरा मिनिटं निम्मं डोक्यावरून गेलं. बाबाले हळूच विचारलं, कळते का काही? तं म्हणे, "तू चूप बस."

बाबुली तोंडाले रंग लावते, तिथं मी पडद्याकडे कमी अन् बाबाकडे जास्त पाह्यलं. पडद्याचा उजेड त्यायच्या तोंडावर पडला होता अन् उजव्या हाताचं बोट आपल्याच गालावरून फिरत होतं, वरून खाली, मंग हनुवटीकडून कानाकडे. त्यायले माहीत पण नसन का बोट फिरून राह्यलं. सफेदा खोबरेलात कालवून लावायचे तेव्हा, घरी आल्यावर राखेनं तोंड घासावं लागे, हे आजीनं सांगितलेलं मले आठवलं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे ती, मी काही बाबाले रंगात पाह्यलं नाही, त्या दिवशी पाह्यलं असं वाटलं.

बाहेर आल्यावर म्हटलं, कसा वाटला? बाबाचा रिव्यू असा, "माणूस पक्का आहे. पण रातभर नाचणाऱ्याचे पाय दुसऱ्या दिवशी सुजते, ते नाही दाखवलं. अन् मृदंग जरा आणखी वाजू द्याले पाहिजे होता, ऐकून राह्यलो तं बंद." अशा रिव्यूले किती स्टार देता सांगा.

माझं म्हणाल तं पहिला भाग मले जास्त आवडला, बापलेकाचा. सिद्धार्थ मेनन पोरगा झाला आहे, चांगला आहे, पण त्याची अन् प्रियदर्शिनी इंदलकरची लव्हस्टोरी थोडी आवरली असती तं चाललं असतं. दुसऱ्या भागात पिक्चर सूडाच्या रस्त्याले लागते, महेश मांजरेकर पोलीस होऊन तपास करते, अन् मंग तो जरा नेहमीच्या पिक्चरसारखा होऊन जाते. सुबोध खानोलकर डायरेक्टर आहे, त्यानं कोकण मात्र असं दाखवलं का बाजूचा माणूस म्हणे एकदा जाऊन यायले पाहिजे. खाणीचं दाखवलं तेव्हा टॉकीजात कोणी शिट्टी नाही, बोलणं नाही. गडचिरोलीत आमची मावशी राहते, घरासमोरून लोहखनिजाचे ट्रक जातात दिवसरात्र, वळणीवरचे कपडे संध्याकाळी लाल. तिले पण दाखवायले पाहिजे होता.

अन् तिथंच मले राग आला, पिक्चरचा नाही, आपलाच. कोकणवाल्यायनं आपला दशावतार पडद्यावर नेला. त्यात संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथं बोलते, हार्मोनियम, मृदंग अन् झांज, अन् रात जागवायची. आमच्या दंडारीत काय वेगळं होतं? तमाशासारखी खडी गंमत आहे, अन् झाडीपट्टीचं नाटक तं अजून जिवंत आहे, वडशाले कंपन्यायची ऑफिसं आहेत, रात्री १० ले पडदा उघडते तं पहाटेलोक. परशुराम खुणे यायले २०२३ मधे पद्मश्री भेटली, तेव्हा आमच्याकडे फटाके फुटले. पिक्चर झाला नाही असं नाही, तृषांत इंगळेचा 'झॉलीवूड' २०२२ मधे आला, झाडीपट्टीवरच होता, पण ज्यायच्यावर काढला त्यायच्याच तालुक्यात तो लागल्याचं मले तरी आठवत नाही. आमची बोली पडद्यावर येते तं घरगड्याच्या नाही तं हवालदाराच्या तोंडी, हसायपुरती. 'झुंड'मधे नागराजनं नागपूरचे पोट्टे घेतले, ते जसे बोलतात तसंच बोलू दिलं, अन् त्यातल्या अंकुश गेडामले फिल्मफेअरचं पदार्पणाचं अवॉर्ड भेटलं. म्हणजे होते, कोणी केलं तं होते.

'सैयारा'बद्दल फार काही नाही. भाचा घेऊन गेला, जुलैत, रोवणीच्या ऐन घाईत. पोट्टे-पोट्ट्या रडून राहिले होते, माझी कंबर दुखून राहिली होती. गाणी चांगली आहेत.

आता 'धुरंधर'. ५ डिसेंबरले लागला अन् त्याच दिवशी आमच्याकडे पण लागला, त्याले काही तिसरा आठवडा लागत नाही. धान निघाला होता, लोकं मोकळे, टॉकीज तीन दिवस फुल, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. २१४ मिनिटं आहे, म्हणजे साडेतीन तासाच्या वर, त्यात समोश्याचा इंटरव्हल धरा तं चार घंटे. चार शो बसतच नाही दिवसात, तीनच होतात, म्हणजे मराठीचा तो १२ वाजताचा उरलासुरला शो पण गेला.

पिक्चर कसा? मोबाईल एकदाही काढला नाही, यात काय ते समजा. कराचीतलं ल्यारी, तिथल्या टोळ्या, त्यात घुसलेला आपला माणूस रणवीर सिंग, आदित्य धरनं पकड सोडली नाही. पण मारकाट अशी का दोनदा मान खाली घातली. सर्टिफिकेट 'ए'चं आहे, पण गेटवरच्यानं पंधरा वर्षाच्या भाच्याले एका शब्दानं विचारलं नाही, अन् मी पण काही बोललो नाही, तिकीट मीच काढलं होतं. बाजूले एक काकाजी बसले होते, धोतर-टोपीवाले, ते दर दहा मिनिटाले विचारत, "हा आपला होय का त्यायचा?" रणवीर आला का मी म्हणे आपला. मंग माधवन आला, म्हटलं आपला. संजय दत्त आला, त्यायचा. अर्जुन रामपाल, त्यायचा. दुसऱ्या भागात काकाजी म्हणे, "सगळेच एकमेकायले मारून राहिले, जाऊ दे."

अन् अक्षय खन्ना. हा माणूस १४ फेब्रुवारीले 'छावा'मधे औरंगजेब होऊन आला होता, त्याच टॉकीजात, त्याच पडद्यावर. तेव्हा हेच पोट्टे त्याले आईबहिणीवरून शिव्या देऊन राहिले होते, एकानं तं चप्पल हातात घेतली होती. शेवटी संभाजी महाराजायचे हाल दाखवले तेव्हा आख्ख्या टॉकीजात नाक ओढल्याचे आवाज, माझ्या पुढची बाई पदर तोंडात घालून बसली होती, विकी कौशलनं जीव ओतला यात वाद नाही (येसूबाईच्या रोलमधे रश्मिका काही पटली नाही, अन् राजे हिंदीत बोलतात ते कानाले खटकतेच). अन् आता दहा महिन्यानं तोच अक्षय खन्ना रहमान डकैत होऊन गाडीतून उतरते, ते अरबी गाणं वाजते, अन् तेच पोट्टे खुर्चीवर उभे, शिट्ट्या, गमछे हवेत. परवा शंकरपटाच्या, म्हणजे बैलाच्या शर्यतीच्या, नाटकाले गेलो तं रात्री दोन वाजता डान्सच्या आयटममधे त्याचीच स्टेप, काळा गॉगल लावून. लोकायनं वन्समोअर दिला. बाबा मले विचारते, "हा कोणत्या अवताराचा नाच होय?"

आता १ जानेवारी २०२६ ले हेमंत ढोमेचा 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' येऊन राहिला, मराठी शाळेवर आहे. आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट पाहिला तं तो गावात सगळ्यायनं पाहायले पाहिजे. काल बाजारात मालक भेटला, म्हटलं आणता का? तं म्हणे पाहू, 'धुरंधर' उतरला तं. म्हटलं ३ चा शो देजा. तं हसते अन् म्हणते, "आला तं बाराले येईन."

घरी येऊन बाबाले सांगितलं. ते ढोलीत धान भरून राहिले होते, मान पण वर केली नाही. "बाराले तं बाराले," म्हणे, "डबा घेऊन जाऊ."