हॅमिल्टन ९९२, जुनं वॉल्थम आणि साधं स्विस: तीन रेग्युलेटर रोज वापरून आलेला अनुभव

गेले काही महिने तीन पॉकेट वॉच आळीपाळीने खिशात असतात, एक हॅमिल्टन ९९२ (अमेरिकन रेल्वेवाल्यांचं घड्याळ), एक १८ साइझचं, म्हणजे मोठ्या मापाचं, वॉल्थम आणि एक साधं स्विस. तिन्ही सर्व्हिसिंग करूनच वापरायला काढली. लिहायचंय ते फक्त रेग्युलेटरबद्दल, म्हणजे घड्याळाचा वेग कमीजास्त करायच्या भागाबद्दल, कारण विकणारे डायलचे आणि केसचे ढीगभर फोटो टाकतात पण याबद्दल कुणी बोलतच नाही.

काम तिन्हीत एकच. हेअरस्प्रिंगचा (घड्याळाची गती ठरवणाऱ्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगचा) बाहेरचा वेढा दोन बारीक पिनांमधून जातो, पिना सरकवल्या की स्प्रिंगची चालती लांबी बदलते, कमी झाली की घड्याळ पुढे पळतं, वाढली की मागे पडतं. खरा फरक पिना सरकवायच्या कशा यात आहे.

स्विसमध्ये पिनांना जोडलेला नुसता काटा आहे, हाताने ढकलायचा. केसभर हलला तरी दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक, आणि परत आधीच्या जागेवर आणणं जवळजवळ नशिबावर. वॉल्थमला चांदणीच्या आकाराचं छोटं चाक आहे, ते फिरवलं की काटा हळू सरकतो, हे खूपच बरं, फक्त दिशा बदलली की दात्यांतली ढील संपेपर्यंत काहीच हलत नाही.

हॅमिल्टन मात्र मला मनापासून आवडलं. कॉकवर (बॅलन्स चाक वरून धरणाऱ्या पट्टीवर) चाबकासारखी वळवलेली पोलादी स्प्रिंग आहे, ती काट्याच्या शेपटीला एका बाजूने कायम दाबून धरते आणि दुसऱ्या बाजूला बारीक आट्यांचा स्क्रू. स्क्रू मागे घेतला की शेपटी त्याच्या मागोमाग येते, मधे ढील उरतच नाही. भिंग लावून पाव आटा फिरवायचा, दुसऱ्या दिवशी रेडिओच्या टायमाशी ताडून बघायचं, काही सेकंदांचाच फरक दिसतो आणि नको असेल तर तेवढंच उलटं फिरवता येतं. ही कल्पना बोस्टनच्या जॉर्ज रीडची. १८९१ च्या अमेरिकेत ओहायोतल्या किप्टन रेल्वे अपघातानंतर वेब बॉल या घड्याळवाल्याने रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक केले, आठवड्याला ३० सेकंदांच्या आत चाललं पाहिजे आणि असा मायक्रोमेट्रिक, म्हणजे अगदी बारीक सरकवता येणारा, रेग्युलेटर हवाच. वापरून पाहिलं की ती अट का होती ते पटतं.

पण रेग्युलेटर सगळं सावरत नाही. खिशात उभं असताना माझं हॅमिल्टन जरा मागे पडतं, रात्री डायल वर करून आडवं ठेवलं की पुढे जातं, हा पोझिशनचा फरक स्क्रूने जात नाही, म्हणून मी ते रात्री मुद्दाम आडवंच ठेवतो, हिशोब जुळतो. आणि घड्याळ अचानक मिनिटांनी पुढे पळायला लागलं तर स्क्रूला हात लावायचाच नाही, बहुतेक वेळा हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व आलेलं असतं.

घेणाऱ्यांनी कॉकचा जवळून काढलेला फोटो मागून घ्या. काटा मधल्या रेघेच्या आसपास असेल तर ठीक, अगदी एफ (फास्ट) किंवा एस (स्लो) च्या टोकाला ढकललेला असेल तर हेअरस्प्रिंग बदललेली असू शकते किंवा आतली घाण झाकून वेळ जुळवलेली असते, मग सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा.