स्टिकर नवा, लॅपटॉप जुना : सांगलीत ३८,५०० रुपयांचा चुना

आधीच सांगतो, मी अडाणी माणूस नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आणि बेदाण्याच्या अकरा पेढ्यांचे हिशेब माझ्याकडं आहेत. टॅली, रिटर्न, ई-वे बिल सगळं मीच बघतो. एखाद्या अडत्याकडं बोगस जीएसटी नंबरचं बिल आलं तर ते पकडायचे मी पैसे घेतो. त्याच मी ३८,५०० रुपये मोजून जुना लॅपटॉप नवा म्हणून घरी आणला, तोही बिलाशिवाय. बायकोला अजून खरा आकडा सांगितलेला नाही. तिच्या लेखी तो पंचवीस हजारांचा आहे.

माझा आधीचा लॅपटॉप घरगुती मालिकेतला, ४६,००० चा. दिवसातनं दहा वेळा उघडझाप, स्कूटरच्या डिकीतनं या पेढीवरनं त्या पेढीवर, आणि वर हळदीची धूळ. यार्डातल्या माणसाला ही धूळ काय चीज आहे ते सांगायला नको. पंखा उघडला की आतनं पिवळी वडी निघते. अडीच वर्षांत डावी बिजागरी प्लास्टिकसकट उचकटली. भाचा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणाला, "मामा, आता घरगुती घेऊ नका. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असला ऑफिसवाल्यांच्या बिझनेस मालिकेतला बघा."

त्याचं काही चुकलं नव्हतं. बिझनेस मालिकेत बिजागऱ्या दणकट असतात, बऱ्याच मॉडेलांत कीबोर्डवर थोडं पाणी सांडलं तरी निभावतं, खालचं झाकण स्क्रू काढून सहज उघडतं, आणि वॉरंटी बहुतेक घरपोच, माणूस दारात येतो. नंबरपॅड मात्र चौदा इंचीत नसतो, हे हिशेबाचं काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, वेगळा घ्यावा लागतो. पण नव्याची किंमत सत्तर हजारांच्या पुढं. अकरा पेढ्या म्हणजे अकरा कोटी नव्हेत.

मग मोबाइलवर जाहिरात दिसली. शंभर फुटी रोडवर एक गाळा. 'कंपनीची ऑर्डर रद्द, पॅक माल, तीन वर्षं घरपोच वॉरंटी'. पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप लॉटमध्ये काढतात, ते दिल्लीच्या नेहरू प्लेससारख्या बाजारांतनं गावोगाव पोचतात. त्यात वाईट काही नाही. जुना म्हणून विकला असता तर मी जुन्याच्या भावानं घेतलाही असता.

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. विधानसभेचा निकाल लागत होता. बाहेर फटाके, गुलाल, दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलेलं आणि तो म्हणतोय, "दादा, लवकर बघून घ्या, बंद करायचंय." ही सबब नाही, पण होतं ते असं होतं. मी लॅपटॉप उलटा केला. खाली सिरियल नंबरचा स्टिकर. नंबर माझ्याच मोबाइलवर, कंपनीच्या खऱ्या साइटवर टाकला. वॉरंटी २०२७ पर्यंत. झालं, माझा जीव भांड्यात पडला.

तो स्टिकर एका बाजूनं किंचित तिरका होता. उजव्या कोपऱ्यात डिंकाखाली एक बारीक केस अडकलेला. मी तो नखानं खरवडला! म्हणजे डोळ्यांना दिसलं, बोटाला लागलं, आणि डोकं म्हणालं, जाऊ दे. कंपनीतनं निघालेल्या मालाच्या स्टिकरखाली केस कसा येईल, हा प्रश्न पाचवीतल्या पोरानं विचारला असता. तो स्टिकर दुसऱ्याच कुठल्यातरी मशीनचा होता.

दुसरं, कीबोर्डवर त्यानं आधीच सिलिकॉनचं कव्हर घातलं होतं. "हळदीच्या धंद्यातले ना तुम्ही? फ्री देतो." मला काय गहिवरून आलं! त्या कव्हराखाली ए, एस आणि स्पेसबार घासून आरशासारखे झाले होते, ते मी सहा महिन्यांनी पाहिलं. फुकटचं कव्हर दिसलं की आधी ते काढा.

तिसरं मात्र कुणाला सांगायलाही लाज वाटते. सेटिंगमध्ये प्रोसेसर लिहिलेला होता : आय फाइव्ह, ८३५०यू. दुकानदार सांगत होता बारावी पिढी. बारावी असती तर तो आकडा बारानं सुरू झाला असता, १२३५ किंवा १२४५. आठनं सुरू म्हणजे आठवी, म्हणजे सात वर्षांपूर्वीचा माल. आयुष्यभर आकडे वाचून पोट भरणाऱ्या माणसानं 'आय फाइव्ह' वाचलं आणि पुढचा आकडा सोडून दिला.

भाव ४१,००० वरनं ३८,५०० वर आला. बिल पाहिजे तर अठरा टक्के वर, म्हणजे ४५,४३०. आता लोक मला विचारतात, तू असून बिल कसं घेतलं नाहीस? अहो, माझी उलाढाल वीस लाखांच्या आत, माझी जीएसटी नोंदणीच नाही, मला इनपुट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, कुठली मिळणार होती? ६,९३० रुपये सरळ वाचत होते. तुम्ही काय केलं असतंत? २,००० आधी बुकिंगला दिलेले, २२,००० तिथं यूपीआयनं, १४,५०० रोख. यूपीआय दुकानाच्या नावावर नव्हतं, कुणा माणसाच्या नावावर होतं. तेही दिसलं होतं.

सहा महिने चालला. मग १७ मे २०२५ ला अपडेटमध्ये अडकला. भाच्यानं फोनवरनं विंडोज रिसेट करायला लावलं. वायफाय जोडलं आणि पडद्यावर परराज्यातल्या एका कंपनीचं नाव आलं. 'स्वागत आहे, ऑफिसच्या ईमेलनं लॉगिन करा.' मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. भाचा म्हणाला, "मामा, हा त्या कंपनीच्या खात्याला बांधलेला आहे. त्यांनी सोडल्याशिवाय रिसेटनंतर नेटवर चालू होणार नाही. दुकानदारानं नेट न जोडता विंडोज टाकलं असणार." बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, बघितलं तर तिथला सिरियल नंबर वेगळाच.

टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचलो. तरी चार पेढ्यांचं ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, वीस तारखेऐवजी तेवीसला गेलं. दिवसाला ५० प्रमाणं ६०० रुपये लेट फी माझ्या खिशातनं. सर्व्हिस सेंटरनं 'ही वॉरंटी या मशीनची नाही' एवढं सांगायचे ५९० घेतले. त्याची मात्र पक्की पावती मिळाली. त्या परराज्यातल्या कंपनीला तीन मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. गाळ्यात तोवर मोबाइल कव्हरचं दुकान आलं होतं. कोटेशनच्या कागदावरचा जीएसटी नंबर तेव्हा, सहा महिन्यांनी, पोर्टलवर टाकला. स्थिती : रद्द. अर्ध्या मिनिटाचं काम.

मग पोलीस. ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन पैसे दिलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, वस्तू समक्ष घेतलीत, ठाण्यात जा. परत ठाण्यात. तिथले हवालदार चहा पीत म्हणाले, "पावणं, सहा महिनं वापरला न्हवं? मग फसवणूक कसली? बिल हाय का?" बिल नाही म्हटल्यावर कप खाली ठेवला. "मग माल चोरीचा निघाला तर तो कुणाकडं सापडला? तुमच्याकडं. ३१७ तुम्हालाच लागंल." म्हणजे फसवणुकीचं जुनं चारशेवीस आता नव्या न्याय संहितेत कलम ३१८ झालंय ते लावायला गेलो, आणि चोरीचा माल बाळगल्याचं ३१७ घेऊन बाहेर आलो. अर्ज दिला, पोच मागितली. साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला साहेब मीटिंगला. पाचव्या खेपेला साहेब होते, अर्ज नव्हता. सहाव्या खेपेला नवीन अर्ज लिहा म्हणाले, आणि झेरॉक्स बाहेरनं काढून आणा, आमचं मशीन बंद आहे. माझ्यासमोर एका नगरसेवकाच्या मेहुण्याचा हरवलेला मोबाइल दहा मिनिटांत नोंदवला गेला. आम्ही बाकड्यावर. शेवटी अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला. ठाण्यात घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नं तो हक्क आहे, वापरा. मला अजून उत्तर नाही, पण पोस्टाची पावती तरी आहे.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. धंद्यासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू चालते. माझा घोळ असा की नोटीस कुठल्या पत्त्यावर धाडायची? मोबाइल कव्हरवाल्याला? त्यामुळं गाळा भाड्याचा दिसला की मालक कोण ते शेजारच्या दुकानात विचारून ठेवा.

आणि जुना बिझनेस लॅपटॉप घेणारच असाल, तर दुकानातच रिसेट करायला लावा आणि स्वतःच्या मोबाइलचं नेट जोडून सुरू करून घ्या. विक्रेता काचकूच करायला लागला की उठा. बायोसमधला सिरियल नंबर स्टिकरशी ताडा. बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा, माझ्या 'नव्या' मशीनची बॅटरी ६१२ वेळा चार्ज झालेली होती.

सध्या काम जुन्या घरगुती लॅपटॉपवर चाललंय. बिजागरी गणपती पेठेत १,२०० रुपयांत बसवून घेतली, पडदा पूर्ण उघडत नाही म्हणून मागं बेदाण्याचा रिकामा बॉक्स लावतो. परवा एका पेढीवर शेठनी विचारलंच, "अरे, तो काळा भारीतला कुठाय?"

सर्व्हिसिंगला दिलाय म्हटलं.