पगारातून काय कापले, हे सांगणारी सेवा: भोसरीतील एका पगारपत्रक सेवेचे परीक्षण

भोसरी एमआयडीसीतील आमच्या मशीन शॉपच्या पगाराचे काम आम्ही काही काळापासून जवळच्याच एका पगारपत्रक सेवेकडे सोपवले आहे. महिनाअखेरीस हजेरीपत्रक आणि ओव्हरटाइमचा तपशील पाठवला की ही सेवा पगारपत्रके तयार करते, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) चलने काढून देते आणि व्यवसाय कराचे विवरणपत्रही भरते. एवढे काम करून देणारी कार्यालये पिंपरी-चिंचवड परिसरात पुष्कळ आहेत, त्यामुळे केवळ चलन वेळेवर भरले जाते म्हणून एखाद्या सेवेचे कौतुक करावे असे मला वाटत नाही. कपातीचा दर, मर्यादा किंवा व्याख्या बदलते, त्या महिन्यात कामगाराला तो बदल पगार होण्यापूर्वी आणि त्याला समजेल अशा भाषेत कळतो की नाही, हीच माझ्या मते अशा सेवेची खरी कसोटी आहे. कारण कामगाराचा प्रश्न ठरलेला असतो: "साहेब, कापून हातात किती येणार?"

या कसोटीवर सेवेची सर्वात जमेची बाजू म्हणजे तिची सॅलरी स्लिप. ती मराठीत आहे आणि तिच्यात कपातीचे तीन वेगळे गट केलेले आहेत. 'तुमच्या नावावर जमा' या गटात पीएफ येतो, 'विमा' या गटात ईएसआय, आणि 'कर' या गटात व्यवसाय कर व लागू असल्यास टीडीएस. प्रत्येक आकड्यापुढे तो किती रकमेवर आणि किती टक्क्यांनी काढला आहे हे छापलेले असते, आणि शेवटच्या रकान्यात मागील महिन्याची कपात व दोन्हींमधील फरक दिलेला असतो. हा शेवटचा रकाना मला फार मोलाचा वाटतो. फरक शून्य नसेल, तर त्याखाली एका ओळीत कारण लिहिलेले असते. एरवी बँकेचा मेसेज येतो, रक्कम कमी दिसते, आणि कामगार कामाच्या वेळेत कार्यालयाच्या दाराशी उभा राहतो. त्याच्या मनात मालकाने पैसे कापल्याचा संशय असतो आणि कारकुनाकडे द्यायला उत्तर नसते.

असे प्रसंग पूर्वी आले आहेत, म्हणून हे महत्त्वाचे. 1 सप्टेंबर 2014 पासून पीएफची वेतनमर्यादा, म्हणजे ज्या रकमेपर्यंतच्या वेतनावर कपात सक्तीची असते ती मर्यादा, 6,500 रुपयांवरून 15,000 रुपयांवर गेली. ज्यांची कपात जुन्या मर्यादेवर होत होती आणि ज्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 15,000 किंवा अधिक होता, त्यांची दरमहा कपात 780 रुपयांवरून थेट 1,800 रुपये झाली, म्हणजे हातात येणारी रक्कम एका महिन्यात 1,020 रुपयांनी घटली. पैसे त्यांच्याच खात्यात जात होते हे खरे, परंतु घरभाडे आणि किराणा खात्यातल्या शिल्लकीवर चालत नाही. 2020 मध्ये उलट घडले. टाळेबंदीच्या काळात मे, जून आणि जुलै या तीन महिन्यांच्या वेतनासाठी पीएफचा दर 12 टक्क्यांवरून 10 टक्के करण्यात आला. 15,000 रुपयांवर कपात होणाऱ्याला महिन्याला 300 रुपये जास्त मिळू लागले, आणि ऑगस्टच्या वेतनापासून मूळ दर परत आला तेव्हा तीच जुनी कपात अनेकांना नवी वाढ वाटली. सवलत तात्पुरती आहे हे पहिल्याच स्लिपवर लिहिले असते, तर हा गैरसमज झाला नसता.

सध्याचा बदल कामगार संहितांचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार संहिता लागू झाल्या आणि वेतनाच्या व्याख्येत असे ठरले, की घरभाडे भत्त्यासारखे वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरायची. या सेवेने आम्हाला प्रत्येक कामगारासाठी जुन्या आणि नव्या पद्धतीची शेजारी-शेजारी मांडणी करून दिली, आणि मला ती या सेवेची सर्वोत्तम कामगिरी वाटते. एक उदाहरण देतो. मूळ पगार व महागाई भत्ता 13,000, घरभाडे भत्ता 11,000 आणि इतर भत्ते 6,000, असे एकूण 30,000 रुपये. वगळलेले भत्ते 17,000 होतात; निम्म्यावरचे 2,000 रुपये वेतनात मिळवले की वेतन 15,000 होते. पीएफची कपात 1,560 वरून 1,800 रुपये, म्हणजे दरमहा 240 रुपये कमी हातात. मालकाचा वाटाही तेवढाच वाढतो, आणि जिथे तो वाटा सीटीसीतून, म्हणजे कामगारावर मालकाच्या ठरलेल्या एकूण खर्चातून, वजा करण्याची पद्धत आहे, तिथे कामगाराला 480 रुपयांचा फटका बसतो. उलट ज्याची कपात आधीपासूनच 15,000 या मर्यादेवर होते, त्याच्या पीएफमध्ये काहीच फरक पडत नाही. भार पडतो तो कमी मूळ पगार आणि फुगवलेले भत्ते असलेल्या कामगारावर, आणि नेमक्या त्याच कामगाराकडे हा हिशेब समजावून सांगणारे कोणी नसते. आमच्याकडे ही मांडणी पाहिल्यावर मालकाचा वाढीव वाटा सीटीसीबाहेर ठेवण्याचा निर्णय झाला; आकडे समोर नसते तर तो विषय निघालाही नसता.

आता उणिवा. ईएसआयच्या बाबतीत सेवेकडून एक चूक झाली, जी या व्यवसायात व्हायला नको. ईएसआयची वेतनमर्यादा 21,000 रुपये आहे, परंतु एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या अंशदान-कालावधीच्या मध्येच पगार मर्यादेपलीकडे गेला, तरी तो कालावधी संपेपर्यंत कपात सुरू ठेवावी लागते. आमच्या एका कामगाराचा पगार जूनमध्ये 21,600 झाला आणि सेवेने त्याच महिन्यापासून कपात थांबवली. त्याला 0.75 टक्क्यांप्रमाणे 162 रुपये जास्त मिळाले, तो खूश झाला, आणि नंतर दुरुस्तीत ते पुन्हा कापले गेले. रक्कम लहान होती, पण विश्वासाला तडा गेला. दुसरी उणीव अशी, की नियुक्तिपत्रासोबतच्या सीटीसी तक्त्यात मालकाचा पीएफ 'कपात' या मथळ्याखाली दिसतो, त्यामुळे नव्या कामगाराला आपले 24 टक्के जातात असे वाटते. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के, 15,000 रुपयांच्या मर्यादेत, पेन्शन योजनेकडे वळतात आणि पासबुकात पीएफच्या शिल्लकीत मिळत नाहीत, हेही स्लिपवर कुठे लिहिलेले नाही. पासबुक उघडून "मालकाने कमी भरले" असे म्हणणारे कामगार दरवर्षी भेटतात.

व्यवसाय कराचे काम चोख आहे. महाराष्ट्रात 10,000 रुपयांवरील पगाराच्या पुरुष कर्मचाऱ्याला दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये पडतात. महिलांना एप्रिल 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंत हा कर नाही. फेब्रुवारीच्या जादा 100 रुपयांची सूचना जानेवारीच्या स्लिपवरच येते. राज्यघटनेने या करावर वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे आणि ती 1988 नंतर बदललेली नाही, त्यामुळे इथे अचानक वाढीची भीती नाही.

स्वतःचा मनुष्यबळ विभाग नसलेल्या लहान कारखान्याला ही सेवा घ्यावी असे मी सांगेन, परंतु करार करताना दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: ईएसआयचा अंशदान-कालावधी प्रणालीत नोंदवलेला आहे याची खात्री, आणि सीटीसी तक्त्यात मालकाच्या वाट्यासाठी वेगळा मथळा. पीएफची मर्यादा पुन्हा वाढवण्याची चर्चा चालू आहे. ती समजा 25,000 झाली, तर तेवढे किंवा त्याहून अधिक वेतन असलेल्याची, सध्या 15,000 रुपयांवर होणारी कपात 1,800 वरून 3,000 रुपये होईल. आम्ही सेवेला त्या शक्यतेचा तक्ता आतापासूनच करून ठेवायला सांगितले आहे, आणि तो कामगारांच्या सूचनाफलकावर लावण्याचे त्यांनी मान्य केले आहे.