न्यूयॉर्कमध्ये नववीचा प्रवेश: मायस्कूल्स, लॉटरी नंबर आणि पसंतीची यादी (वापरानंतरचा अनुभव)

न्यूयॉर्क शहरात आठवीतल्या मुलाला नववीची सरकारी शाळा आपोआप मिळत नाही. 'मायस्कूल्स' या शहराच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि निवडायला चारशेहून जास्त हायस्कूल्स असतात. आमच्या मुलीचा अर्ज ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला, आता जागा पक्की झाली आहे. आपल्या मराठी पालकांमध्ये हा विषय निघाला की बोलणं थेट एसएचएसएटी या स्पेशलाइज्ड हायस्कूल्सच्या प्रवेश परीक्षेवर आणि त्यातल्या स्टायव्हेसंट या शाळेवर जातं. सगळं पार पडल्यावर माझं मत असं झालं आहे की आपण परीक्षेला जेवढा जीव लावतो, त्याच्या निम्मासुद्धा पसंतीच्या शाळांच्या यादीला लावत नाही. बहुतेक मुलांची शाळा मात्र त्या यादीतूनच ठरते. म्हणून इथे यादीबद्दल जास्त लिहिते.

आधी परीक्षेचं सांगते. एसएचएसएटी आठ स्पेशलाइज्ड शाळांसाठी असते: स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक, ब्रुकलिन लॅटिन, स्टेटन आयलंड टेक, आणि सिटी कॉलेज, लेहमन कॉलेज व यॉर्क कॉलेजच्या आवारातल्या तीन लहान शाळा. नववी स्पेशलाइज्ड शाळा लाग्वार्डिया. तिथे ही परीक्षा नाही, संगीत, नृत्य, नाट्य, चित्रकला यांच्या ऑडिशन असतात. एकाच परीक्षेवर प्रवेश देण्याची पद्धत १९७१ च्या राज्याच्या कायद्यात लिहिलेली आहे, त्यामुळे महापौर बदलले तरी ती सहज बदलत नाही. वेळ १८० मिनिटं, प्रश्न ११४, निम्मे इंग्रजीचे आणि निम्मे गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. २०२५ पासून परीक्षा संगणकावर होते. साधारण पंचवीस हजार मुलं बसतात आणि जागा मिळते चार हजारांच्या आसपास मुलांना.

या परीक्षेत कट-ऑफ आधी ठरलेला नसतो, हे मला सुरुवातीला कुणीच सांगितलं नव्हतं. सर्वांत जास्त गुण असलेल्या मुलाला त्याची पहिली पसंती मिळते, मग त्याच्या खालच्याला, असं करत शाळा भरत जातात. स्टायव्हेसंटची शेवटची जागा ज्या गुणांवर जाते तो त्या वर्षीचा कट-ऑफ. गेल्या काही वर्षांत तो साडेपाचशेच्या वरच राहिला आहे. म्हणून एखाद्या मुलीला स्टायव्हेसंटएवढे गुण असले आणि तिने ब्रुकलिन टेक वर लिहिलेली असली, तर तिला ब्रुकलिन टेकच मिळते. पसंतीक्रम लिहिताना मुलाला रोज कुठे जायला आवडेल हे खरंच विचारा.

तयारीसाठी शहराच्या शिक्षण विभागाची हँडबुक फुकट मिळते, आणि तिच्यातल्या सराव परीक्षा सर्वांत विश्वासाच्या. आम्ही एका क्लासलाही घातलं होतं. तिथले गणिताचे सर चांगले होते, पण इंग्रजीच्या नावाखाली जुन्या प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स देऊन मुलांना बसवून ठेवायचे. फी बरीच होती. पुढे मुलीने घरीच वाचनावर भर दिला आणि फरक तिथे पडला. २०२६ पासून ही परीक्षा अडॅप्टिव्ह करण्याचं शहराने जाहीर केलं आहे, म्हणजे मुलाच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न बदलतात. धाकटं मूल असेल तर मोठ्याच्या वहीवर विसंबू नका.

आता यादी. मायस्कूल्सवर प्रोग्रॅम, म्हणजे शाळांमधले वेगवेगळे अभ्यासक्रम, पसंतीक्रमाने लिहायचे असतात. मुंबई-पुण्याच्या अकरावी प्रवेशातून गेलेल्या माणसाच्या डोक्यात दोन गोष्टी घट्ट बसलेल्या असतात. एक म्हणजे प्रत्येक कॉलेजला कट-ऑफ असतो. दुसरी म्हणजे पसंतीक्रम हिशेबाने, मार्क पाहून लावायचा, नाहीतर हातची जागा जाते. इथे दोन्ही लागू पडत नाहीत.

शहराने ही पद्धत २००३-०४ च्या सुमारास आणली. ती बांधणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांमध्ये अल्विन रॉथ होते, ज्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं. ती चालते अशी: मूल आधी पहिल्या पसंतीच्या प्रोग्रॅमकडे जातं. प्रोग्रॅम आपल्या निकषांप्रमाणे मुलं तात्पुरती धरून ठेवतो, बाकीची पुढच्या पसंतीकडे जातात. पुढे जास्त पात्र मूल आलं तर आधी धरलेलं सुटू शकतं. सगळी फिरून स्थिर झाली की मगच जागा पक्क्या होतात. याचा अर्थ, पहिल्या तीन जागी कितीही अवघड शाळा लिहिल्या तरी चौथ्या शाळेतली तुमची संधी रतीभरही कमी होत नाही. तुम्ही तिला कितव्या क्रमांकावर लिहिलंत हे शाळेला दिसतच नाही. एका ओळखीच्या ताईंनी 'पहिली शाळा सोपी लिहा, नाहीतर काहीच मिळणार नाही' असं अगदी कळकळीने सांगितलं होतं. त्यांचा हेतू चांगला होता, पण तसं केलं तर मुलाला सोपी शाळा मिळते आणि आवडीच्या शाळेचा दरवाजा आपणच लावून घेतो.

मग निवड कशावर होते? स्क्रीन्ड, म्हणजे गुण पाहून मुलं निवडणाऱ्या शाळा सातवीचे अंतिम गुण पाहतात: इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र. त्या सरासरीवरून मुलांचे गट पडतात आणि पहिल्या गटात वरची साधारण पंधरा टक्के मुलं येतात. पहिल्या गटातली मुलं जागांपेक्षा जास्त असली की ठरवतो लॉटरी नंबर, म्हणजे प्रत्येक मुलाला चिठ्ठी टाकल्यासारखा मिळालेला क्रमांक. म्हणजे ९९ सरासरीचं मूल आणि ९५ सरासरीचं मूल एकाच गटात असेल, तर ९९ चा वेगळा उपयोग नाही. आपल्याकडच्या पालकांना हे पचवणं फार जड जातं. मलाही तो नियम आवडलेला नाही, कष्ट करणाऱ्या मुलाला तो कोरडा वाटतो. पण अर्धा-एक गुण वाढवण्यासाठी सातवीतल्या मुलांची जी ओढाताण व्हायची, ती यामुळे कमी होते, हेही मी मान्य करते.

लॉटरी नंबर मायस्कूल्सच्या खात्यात दिसतो. तो लांबलचक असतो, आकडे आणि अक्षरं मिसळलेला. घाबरू नका, पहिली दोन चिन्हं पुरतात. ही सोळाच्या पटीतली मोजणी आहे: शून्य ते नऊ आकडे, मग ए म्हणजे १०, असं करत एफ म्हणजे १५. समजा नंबर '३ए' ने सुरू होतो. ३ गुणिले १६ अधिक १०, म्हणजे ५८. त्याला २५६ ने भागलं की जवळपास २३ टक्के येतात. म्हणजे तुमचं मूल रांगेत पुढच्या २३ टक्क्यांच्या आसपास आहे. नंबर जितका लहान तितका चांगला, आणि सगळ्या शाळांसाठी तोच एक. हा हिशेब हाती आला त्या संध्याकाळी आमची यादी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने तयार व्हायला लागली. मायस्कूल्सवर प्रत्येक प्रोग्रॅमसमोर मागच्या वर्षी एका जागेमागे किती अर्ज होते तेही दिसतं. गट, नंबर आणि हा आकडा शेजारी ठेवून बघा.

मुलीचा नंबर मधलाच होता. म्हणून आम्ही वर तिच्या मनातल्या शाळा ठेवल्या आणि खाली वेगवेगळ्या पद्धतीने निवड करणाऱ्या. काही शाळा गुणांबरोबर स्वतःचा निबंध, व्हिडिओ किंवा परीक्षा घेतात. टाउनसेंड हॅरिस, बीकन, बार्ड या त्यातल्या. जिथे मुलाचं लिखाण मोजलं जातं तिथे नंबराचा जोर कमी होतो, त्यामुळे नंबर वाईट असेल तर अशा शाळा आवर्जून घ्याव्यात. 'एड ऑप्ट' प्रोग्रॅम वरच्या, मधल्या आणि खालच्या गुणांची मुलं मिसळून घेतात. क्वीन्समध्ये काही मोठ्या शाळांत झोन्ड, म्हणजे आसपासच्या पत्त्यांसाठीचे प्रोग्रॅम आहेत. तुमच्या पत्त्याला जागेची हमी आहे की फक्त प्राधान्य, हे पोर्टलवर नीट वाचा, कारण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हमीची शाळासुद्धा यादीत लिहावी लागते.

ओपन हाउसबद्दल, म्हणजे शाळा बघायला बोलावतात त्या दिवसाबद्दल, दोनच वाक्यं. मुलाला बरोबर न्या. प्रिन्सिपलपेक्षा वाट दाखवणाऱ्या मुलांशी जास्त बोला.

मार्चच्या सुरुवातीला निकाल आले. ब्रुकलिन टेक मिळाली, आणि मुख्य यादीतून तिसऱ्या पसंतीची क्वीन्समधली लहान शाळा. दोन्ही निकाल एकाच वेळी येतात आणि एक निवडावं लागतं. ब्रुकलिन टेकमध्ये सहा हजारांच्या जवळपास मुलं शिकतात, पुढच्या वर्षांत इंजिनीअरिंगसारखे मेजर निवडता येतात, प्रयोगशाळा उत्तम आहेत. हे सगळं मुलीने स्वतः मांडलं आणि तरी लहान शाळा निवडली, कारण तिला लिहायचं आहे आणि रोज बस आणि मग ट्रेन असा प्रवास नको आहे. 'स्पेशलाइज्ड मिळून सोडली?' हा प्रश्न भारतातून, न्यू जर्सीतून, सगळीकडून आला. मुलीच्या आजोबांनी मात्र तिला फोनवर एवढंच विचारलं, 'लायब्ररी कशी आहे गं?' त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

वेटलिस्टचं लक्षात ठेवा: मिळालेल्या शाळेच्या वर तुम्ही ज्या शाळा लिहिल्या होत्या, त्यांच्या प्रतीक्षा यादीत नाव आपोआप जातं. मिळालेली जागा स्वीकारल्याने तिथलं नाव कटत नाही. परीक्षेच्या आठ शाळांना मात्र वेटलिस्ट नसते. गुण कट-ऑफच्या थोडे खाली असतील आणि घरची परिस्थिती निकषात बसत असेल, तर उन्हाळ्यातल्या डिस्कव्हरी प्रोग्रॅमबद्दल (तो पूर्ण केला की यातल्या शाळेत प्रवेश मिळू शकतो) शाळेच्या समुपदेशकांना लगेच विचारा.

मूल सध्या सातवीत असेल तर जूनमध्ये वर्षअखेरचं प्रगतिपुस्तक आल्यावर चारही विषयांचे अंतिम गुण ताडून पाहा. काही चुकलेलं असेल तर शिक्षक सुट्टीवर जाण्याआधी दुरुस्त करून घ्या. ऑक्टोबरात पोर्टलवर गट दिसायला लागल्यावर तेच काम फार किचकट होतं.